भूल उतरताना भरणारी हुडहुडी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी व्याख्यानासाठी साहित्यिकाला, इतिहाससंशोधकाला किंवा एखाद्या गायनाचार्याला पाचारण करण्याची आपल्या मंडळांची रीत आहे. भूल देणाऱ्या डॉक्टरांना अशा व्यासपीठावर सहसा कोणी बोलावीत नाही, आणि त्यात वावगेही काही नाही. समोरच्या माणसाला झोप आणणे हाच ज्यांचा व्यवसाय, त्यांच्या व्याख्यानाचा श्रोत्यांनी धसका घ्यावा हे स्वाभाविकच आहे. तरीही संयोजकांनी आग्रह धरला आणि अट एकच घातली, की विषय घरोघरी उपयोगी पडणारा असावा. ती अट पाळून, शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला जी हुडहुडी भरते तिच्याविषयी, आणि विशेषतः ती भरूच नये म्हणून काय करता येते याविषयी, आज चार शब्द सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

विषय वरकरणी क्षुल्लक वाटेल. परंतु ज्यांनी आपल्या माणसाला त्या अवस्थेत पाहिले आहे त्यांना तो क्षुल्लक वाटणार नाही. शस्त्रक्रिया यथासांग पार पडलेली असते. शल्यविशारद बाहेर येऊन काळजीचे कारण नाही असे सांगून गेलेले असतात. आणि थोड्याच वेळाने रुग्णाचे दात एकमेकांवर आपटू लागतात, खांदे उडू लागतात, खाटेचा कठडा खडखडू लागतो. पाहणाऱ्याच्या मनात पहिली शंका हिवतापाची येते, दुसरी भूल बाधल्याची, आणि तिसरी शंका तो मनातल्या मनातही उच्चारीत नाही. गावी असते तर अशा वेळी खाटेभोवती दहा माणसे जमली असती. परमुलखात बहुधा एकच माणूस उशाशी असतो, आणि परिचारिकेला हिंदीत, बंगालीत वा तेलुगूत नेमके काय सांगावे हेही त्याला पटकन सुचत नाही. हुडहुडी या शब्दातच जी थरथर आहे ती दुसऱ्या भाषेत चटकन सापडत नाही!

तापमान राखण्याचा काही उपाय केला नाही, तर संपूर्ण भूल दिलेल्या दहा रुग्णांपैकी चारपाच जणांना ही हुडहुडी भरते असे समजण्यास हरकत नाही. निरनिराळ्या पाहण्यांतील आकडे निरनिराळे आहेत. पण ही काही अपवादात्मक आपत्ती नव्हे, एवढे त्या सर्वांतून स्पष्ट होते. म्हणून ती का उद्भवते हे प्रथम पाहू.

मनुष्याच्या शरीराचे तापमान सुमारे ३७ अंश सेल्सिअस, म्हणजे आपल्या घरातील जुन्या थर्मामीटरच्या भाषेत ९८.६ अंश फॅरनहाइट असते, हे सर्वांस ठाऊक आहे. मात्र हे तापमान सर्व शरीराचे नव्हे. ते छाती, पोट आणि मेंदू या गाभ्याचे आहे. हातपाय त्याहून दोन ते चार अंश सेल्सिअसने थंड असतात. आपल्या जुन्या वाड्याची रचना डोळ्यांपुढे आणा. चूल पेटलेली असते ती आत, माजघरालगत. पडवी मात्र गारच असते. थंडीच्या दिवसांत घरातील जाणते माणूस मधली दारे लोटून घेते, आणि पडवी गारठली तरी माजघर उबदार राहते. शरीरात हीच व्यवस्था मेंदूतील हायपोथॅलॅमस नावाचा एक लहानसा भाग पाहतो. गाभ्याचे तापमान अंशाच्या काही दशांशांनी जरी घसरले, तरी तो त्वचेतील व हातापायांतील रक्तवाहिन्या आवळून दारे लोटून घेतो. एवढ्याने भागले नाही तर तो स्नायूंना कामाला लावतो. स्नायू भराभर आकुंचन पावू लागतात आणि त्यातून उष्णता निर्माण होते. तीच हुडहुडी. म्हणजे मुळात हा रोग नसून देहाचे एक शहाणपण आहे.

आता भूल दिली म्हणजे काय होते? दारे लोटणारे ते जाणते माणूसच झोपी जाते. जागेपणी ज्या घसरणीला हायपोथॅलॅमस तत्काळ उत्तर देतो, तीच घसरण भुलेखाली दोन ते चार अंशांची होईपर्यंत तो स्वस्थ राहतो. शिवाय भुलेच्या औषधांनी रक्तवाहिन्या सैल पडतात. दारे सताड उघडतात आणि माजघरातील ऊब पडवीत निघून जाते. पहिल्या तासात गाभ्याचे तापमान एक ते दीड अंशाने उतरते, आणि या उतरणीचा सुमारे चारपंचमांश भाग उष्णता शरीराबाहेर गेल्यामुळे नव्हे, तर शरीरातल्या शरीरात गाभ्याकडून हातापायांकडे वाहिल्यामुळे होतो. ही गोष्ट लक्षात ठेवावी. हुडहुडीच्या प्रतिबंधाचे सारे इंगित तिच्यात आहे.

त्यानंतरची दोनतीन तासांची उतरण मंद असते, आणि ती मात्र खरोखरीच्या उष्णताक्षयाची असते. भुलेखाली देहाची चूल मंदावलेली, अंगावर जेमतेम वस्त्र, भोवती वातानुकूलित खोलीची गार हवा, त्वचेवर पुसलेले जंतुनाशक द्रव उडून जाताना येणारा गारवा, आणि शिरेतून चाललेले सलाईन. खोलीच्या तापमानाचे एक लिटर सलाईन प्रौढ माणसाच्या शरीराचे सरासरी तापमान सुमारे पाव अंशाने उतरवते. शीतपेटीतून काढलेली रक्ताची एक पिशवी तशीच दिली, तर तिचाही परिणाम तेवढाच होतो. बाहेर जाणाऱ्या उष्णतेचा फार मोठा भाग त्वचेवाटे जातो. श्वासावाटे जाणारा भाग दहांशाहूनही कमी असतो.

शस्त्रक्रिया संपते, भूल उतरते, आणि हायपोथॅलॅमस जागा होतो. जागा होऊन पाहतो तो माजघर पस्तीस अंशांवर आलेले! रक्तवाहिन्या आवळून आता काम भागण्यासारखे नसते. मग तो एकदम शेवटचे अस्त्र काढतो, आणि रुग्णाला हुडहुडी भरते. याचा अर्थ असा, की ही थरथर भूल बाधल्याची खूण नसून भूल उतरत असल्याची खूण आहे. काही वेळा अंग थंड नसतानाही ती येते. वेदना हे तिचे एक कारण असते. परंतु बहुतांश प्रसंगी मूळ थंडीतच असते.

मग देहाच्या या शहाणपणाला अडवायचे कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. तो योग्य आहे. उत्तर असे, की हे शहाणपण रानात थंडीत सापडलेल्या धडधाकट माणसासाठी आहे. नुकतेच पोट शिवलेल्या माणसाला ते परवडत नाही. जोराच्या हुडहुडीत शरीराची प्राणवायूची गरज दुपटीतिपटीने आणि क्वचित त्याहूनही अधिक वाढते. ज्याच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या आधीच अरुंद झाल्या आहेत त्याच्या हृदयावर हा बोजा अवेळी पडतो. ताजे टाके ताणले जातात, वेदना वाढतात, डोळ्यातील आणि कवटीतील दाब वाढतो. नाडी, रक्तदाब व प्राणवायू मोजणारी यंत्रेही थरथरत्या अंगावर नीट वाचन देत नाहीत, आणि नेमक्या जपण्याच्या वेळी डॉक्टर अंधारात राहतात. शिवाय, जखमेच्या दुखण्यापेक्षा ती थंडीच अधिक असह्य होती, असे सांगणारे रुग्ण आम्हांला पुष्कळ भेटले आहेत.

आणि हुडहुडी तर केवळ दिसणारी बाजू झाली. तिच्या मागे असलेली थंडी अधिक घातक असते. या थंडीकडे वैद्यकाचे लक्ष फार उशिरा गेले. १८४६ च्या १६ ऑक्टोबरला बॉस्टन येथे ईथरचा जाहीर प्रयोग झाला, आणि दुसऱ्याच वर्षी तो कलकत्त्यास पोहोचला. १८८८ व १८८९ साली निजामाच्या आश्रयाने हैदराबादेत दोन क्लोरोफॉर्म आयोग बसले. क्लोरोफॉर्मने माणूस दगावतो तो श्वास थांबून की हृदय थांबून, या वादाने तेव्हा जगाचे लक्ष हैदराबादकडे वेधले होते. त्या वादात श्वास होता, नाडी होती. रुग्णाच्या अंगाची ऊब नव्हती. १९५६ साली हॅलोथेन हे औषध वापरात आले, आणि त्यानंतर येणाऱ्या थरथरीला ‘हॅलोथेन शेक्स’ असे नावच पडले. नाव पडले की पुष्कळदा माणसे निश्चिंत होतात, तसेच येथेही झाले. भुलेनंतर थोडे कुडकुडणे हे चालायचेच, अशी समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली.

ती समजूत १९९० नंतरच्या दशकात ढासळली. १९९६ साली आंद्रेआ कुर्झ, डॅनियल सेस्लर आणि राइनर लेनहार्ट यांनी मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियेच्या २०० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काहींचे तापमान ३६.६ अंशांच्या आसपास राखले होते, काहींचे ३४.७ पर्यंत उतरू दिले होते. उबदार राखलेल्यांपैकी शेकडा ६ जणांच्या जखमेत पू झाला. थंड पडलेल्यांत हे प्रमाण शेकडा १९ होते, आणि त्यांचा रुग्णालयातील मुक्कामही सरासरी अडीच दिवसांनी लांबला. दुसऱ्याच वर्षी हृदयविकाराचा धोका असलेल्या ३०० रुग्णांचा एक अमेरिकी अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात हृदयाच्या गंभीर तक्रारी थंड रुग्णांत शेकडा ६.३ आणि उबदार रुग्णांत शेकडा १.४ आढळल्या. रक्त थंड झाले की ते नीट गोठत नाही आणि रक्तस्राव वाढतो, हेही त्याच काळात दिसून आले.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. २०२२ साली चीन व अमेरिका येथील पाच हजारांहून अधिक रुग्णांवरील एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. काहींचे तापमान ३७ अंशांवर नेटाने राखले होते, काहींचे ३५.५ च्या आसपास ठेवले होते. महिन्याभरात झालेल्या गंभीर उपद्रवांत दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. म्हणून ऊब व्यर्थ, असा निष्कर्ष कोणी काढू नये. थंड म्हणून ठेवलेल्या त्या रुग्णांनाही साडेपस्तीसच्या फार खाली जाऊ दिलेले नव्हते. त्यातून निघणारा बोध एवढाच, की दशांश दशांशाचा अट्टहास नको, पण रुग्णाला पस्तीस अंशांकडे घसरू देणेही नको.

आता प्रतिबंधाकडे वळू. मघाशी आम्ही एक गोष्ट लक्षात ठेवण्यास सांगितली होती: पहिल्या तासातील ऊब बाहेर जात नाही, ती माजघरातून पडवीत जाते. यावरून उपाय आपोआप सुचतो. दारे उघडण्यापूर्वीच पडवी उबदार करून ठेवावी! भूल देण्यापूर्वी हातपाय आणि त्वचा तापवून घेतली, तर भुलेने रक्तवाहिन्या सैल पडल्या तरी माजघरातील ऊब वाहून जाण्याचे कारण उरत नाही. ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेने २००८ साली याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०१६ साली त्यांत भर घातली. त्यांचा गोषवारा असा: भूल देण्यापूर्वी निदान अर्धा तास रुग्णाला कृत्रिम ऊब द्यावी, तातडी नसेल तर ३६ अंशांखालील रुग्णाला भूल देऊ नये, रुग्णाचे अंग उघडे असेतो खोलीचे तापमान २१ अंशांखाली जाऊ देऊ नये, अर्धा लिटर वा त्याहून अधिक सलाईन द्यावयाचे तर ते ३७ अंशांपर्यंत कोमट करून द्यावे. अर्धा तास न मिळाला तर दहा मिनिटांच्या उबेचाही उपयोग होतो, असे पुढील प्रयोगांत दिसले आहे.

ही कृत्रिम ऊब देण्याचे सर्वांत सोयीचे साधन म्हणजे गरम हवेचे पांघरूण. कागदासारख्या हलक्या, पोकळ पांघरुणात एक लहानसे यंत्र कोमट हवा सोडीत राहते आणि ती रुग्णाच्या अंगावर पसरते. साध्या पांघरुणाचाही उपयोग आहेच. एका चादरीने त्वचेवाटे जाणारी उष्णता सुमारे शेकडा ३० ने कमी होते. मात्र एकावर एक चार घोंगड्या घातल्या म्हणून लाभ चौपट होत नाही. पांघरूण असलेली ऊब राखते. गेलेली ऊब ते परत आणीत नाही.

इतके करूनही हुडहुडी भरलीच, तर औषधे आहेत. पेथिडिन हे त्यांतील जुने आणि खात्रीचे औषध. प्रौढ माणसाला शिरेतून दिलेल्या २५ मिलिग्रॅमने बहुधा काही मिनिटांत थरथर ओसरते. आपल्याकडे ट्रॅमाडॉलचा वापरही पुष्कळ होतो. क्लोनिडीन, डेक्समेडिटोमिडीन, ओन्डॅनसेट्रॉन हीही उपयोगी ठरली आहेत. परंतु यांपैकी प्रत्येकाची काही ना काही किंमत असते. कोणाने मळमळ होते, कोणाने ग्लानी येते, कोणाने नाडी मंदावते, श्वासही मंदावू शकतो. शिवाय औषध हुडहुडी थांबवते, थंडी घालवीत नाही. ऊब दिल्यावाचून नुसते औषध देणे म्हणजे रडणाऱ्या मुलाच्या तोंडावर हात ठेवण्यासारखे आहे. म्हणूनच तहान लागल्यावर विहीर खणण्यापेक्षा आधीची अर्ध्या तासाची ऊब अधिक मोलाची.

या साऱ्यात घरच्या माणसांनी काय करावे? पुष्कळ करता येते. शस्त्रक्रियेपूर्वी अंघोळ सांगितलेली असते. ती गरम पाण्याने करावी आणि केस पूर्ण कोरडे करावेत. दिल्ली, लखनौ, कानपूर अशा ठिकाणी पौषातल्या पहाटे ओल्या केसांनी निघालेला रुग्ण अर्धी ऊब वाटेतच घालवून बसतो. रुग्णालयात पोहोचल्यावर पातळ झगा अंगावर चढवून तासभर बाकावर वाट पाहावी लागते. तो तास वाया जाऊ देऊ नये. पायांत मोजे, डोक्याला कानटोपी, अंगावर गोधडी, हे सर्व आत नेण्याची वेळ येईपर्यंत राहू द्यावे. भूल देणारे डॉक्टर आदल्या दिवशी तपासावयास येतात, तेव्हा पूर्वीच्या शस्त्रक्रियेत हुडहुडी भरली होती काय, थायरॉइडची तक्रार आहे काय, हे त्यांना आवर्जून सांगावे. चालू असलेल्या औषधांची, विशेषतः मनाच्या विकारांवरील गोळ्यांची, यादी त्यांच्या हाती द्यावी. कारण त्यांतील काहींचे पेथिडिनशी वा ट्रॅमाडॉलशी जमत नाही. आणि ऊब देण्याची काय व्यवस्था आहे, असे नम्रपणे विचारावे. अशा प्रश्नाने कोणताही समंजस डॉक्टर रागावणार नाही.

शस्त्रक्रियेनंतर काय करू नये तेही सांगतो, कारण आपले प्रेम कित्येकदा नको तेथे धावते. गरम पाण्याची पिशवी अर्धवट शुद्धीतील रुग्णाच्या पायांशी ठेवू नये. कमरेत इंजेक्शन देऊन पाय बधिर केले असतील तर मुळीच ठेवू नये. त्याला चटका कळत नाही आणि सकाळी पायावर फोड दिसतात. डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत चहाचा घोट देऊ नये. उलटी होऊन तो श्वासनलिकेत जाण्याचे भय असते. तळपायांना सुंठ चोळण्याची आपली जुनी चाल मायेची खरी, पण तिने गाभ्यास ऊब पोहोचत नाही. आणि घरी परतल्यावर बंद खोलीत कोळशाची शेगडी किंवा अंगीठी रात्रभर पेटवून ठेवू नये. तिचा विषारी वायू झोपेतच घात करतो.

वृद्धांच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी हवी. उतारवयात हुडहुडी उशिरा भरते. तरुणापेक्षा सुमारे एक अंश अधिक घसरण झाल्यावर ती सुरू होते, आणि तीही अशक्त असते. तान्ह्या बाळांना तर ती भरतच नाही. म्हणून आजोबा शांत पडले आहेत यावरून त्यांना थंडी नाही असे समजू नये. त्यांचे तापमान मोजले आहे काय, ते विचारावे. ९६.८ अंश फॅरनहाइट म्हणजे ३६ अंश सेल्सिअस; एवढा एकच आकडा ध्यानात ठेवला तरी पुरे. तसेच, भुलेची हुडहुडी शुद्धीवर येतानाच्या पहिल्या तासाभरातली असते. रक्त चढवीत असताना थंडी वाजू लागली, किंवा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थंडी वाजून ताप भरला, तर ते प्रकरण निराळे समजावे आणि क्षणाचाही विलंब न लावता परिचारिकेला हाक मारावी.

शेवटी एक विनंती. आपली मंडळे पाणपोया घालतात, शाळांना पंखे देतात, रुग्णवाहिकांना हातभार लावतात. मोठ्या रुग्णालयांत गरम हवेच्या पांघरुणाचे यंत्र बहुधा असते; लहान धर्मादाय रुग्णालयांत मात्र ते नसल्याचे आढळते. सुवर्णमहोत्सवाची आठवण म्हणून या शहरातील अशा एखाद्या रुग्णालयाला मंडळाने ते द्यावे. त्यावर कोणाच्या नावाची पाटी कोणी वाचणार नाही, कारण ज्याच्या अंगावर ते घातले जाईल तो झोपेत असेल. पण तो जागा होईल तेव्हा त्याचे दात वाजत नसतील, आणि उशाशी बसलेल्या त्याच्या एकट्या माणसाचा जीव उडणार नाही. बाळंतिणीच्या खोलीत ऊब राखणाऱ्या आपल्या आज्यांनी जे ओळखले होते, तेच आजचे शास्त्र आकड्यांनी सिद्ध करीत आहे: दुबळ्या झालेल्या देहाला औषधाच्या आधी ऊब लागते.

पन्नास वर्षे परमुलखात एकमेकांना धरून राहिलेल्या या मंडळास शतकमहोत्सव लाभो अशी सदिच्छा व्यक्त करतो.